गुळवेलीचं सत्त्व: फेब्रुवारी ते जून २०२४ च्या नोंदी

माझ्या आयुर्वेदिक दवाखान्यात लागणारं गुळवेल सत्त्व विकत आणायचं बंद करून यंदा घरीच काढायला घेतलं. ठिकाण कोकणातला संगमेश्वर तालुका. कृती चार ओळींची आहे: ताजी वेल कुटावी, पाण्यात भिजवावी, कुस्करून गाळावी, खाली बसलेला साका, म्हणजे गाळ, वाळवावा. त्या चार ओळींत जे येत नाही ते इथे लिहिते आहे, म्हणजे दुसऱ्या कुणी काम हाती घेतलं तर त्याचा तरी वेल आणि पैसा वाचेल.

१८ फेब्रुवारी

वाडीतले मामा दोन पोती घेऊन आले. त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं: अंगठ्याएवढा जाड दांडा हवा, जमिनीपासून हातभर वर तोडायचा, बुंधा आणि मूळ तसंच ठेवायचं, महामार्गाच्या कडेची वेल आणायची नाही. विषारी काजऱ्याच्या झाडावर चढलेली वेल नको हे त्यांना सांगावंच लागत नाही, ते स्वतःच तिला हात लावत नाहीत. बाकी कडुलिंबावरची गुळवेल सर्वांत चांगली मानतात, म्हणून आणणारा प्रत्येक जण ती लिंबावरचीच असल्याचं सांगतो. आमच्याकडच्या पावसात कडुनिंब शोधूनही फारसे सापडत नाहीत, मग ही सगळी वेल लिंबावर चढते कधी? मी आंब्यावरची आणि पांगाऱ्यावरची घेते.

पोती ओतल्यावर पहिली अडचण समोर आली. सत्त्व काढायला पानगळ झालेली वेल बरी, कारण नवी पालवी फुटली की दांड्यातला साठा तिच्यात जातो. पण पानंच नसली तर ओळख पटवायची कशावरून? आपली गुळवेल, टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया, हिचं पान हृदयाकृती आणि गुळगुळीत. तिची बहीण टिनोस्पोरा सायनेन्सिस हीसुद्धा सह्याद्रीत आहे, तिच्या पानाला खालून मखमली लव असते. पानं गळल्यावर हा फरक दिसत नाही. ज्या दांड्यांबद्दल मामा ठामपणे सांगू शकले नाहीत ते सगळे बाजूला काढले. आणले ३१ किलो, ठेवले २५.

हे एवढं काटेकोर का, तर मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी छापल्या होत्या. त्यावर आयुष मंत्रालयाचं म्हणणं आलं की टिनोस्पोरा क्रिस्पा ही दुसरी जात गुळवेल म्हणून घेतली जाते. तिच्या खोडावर ठळक गाठी असतात आणि दुधासारखा स्राव निघतो. पुढे अनेक केंद्रांतून आलेल्या नोंदींत मात्र खऱ्या गुळवेलीकडेही बोट दाखवलेलं आहे. म्हणून मी दोन्ही गोष्टी पाळते: वेल पारखून घ्यायची, आणि रुग्णाला आधी कावीळ किंवा यकृताचा त्रास होता का हे विचारल्याशिवाय पुडी बांधायची नाही.

२० फेब्रुवारी

पहिला घाणा, ५ किलो. मदतीला येणाऱ्या काकींनी कोयतीने दोन-दोन इंचाचे तुकडे केले, लोखंडी खलबत्त्यात कुटले, चौपट पाण्यात रात्रभर भिजवले. सकाळी पाण्यावर शाईसारखी काळपट झाक. गाळून चार तास ठेवलं, साका बसला, पण राखाडी. वाळून ७० ग्रॅम. म्हणजे शेकडा दीडसुद्धा नाही.

दोन गोष्टींवर संशय: लोखंड आणि वरची साल. साल कागदासारखी सुटणारी असते आणि तिच्यात धूळ बसते.

२४ फेब्रुवारी

दोन छोटे घाणे शेजारी-शेजारी लावले. एकात साल ठेवून दगडी उखळात कुटलं, दुसऱ्यात साल काढून लोखंडी खलबत्त्यात. सालीमुळे साका हिरवट-तपकिरी झाला, लोखंडामुळे काळपट. दोन्हींचा दोष वेगळा आहे. आता तुकडे स्टीलच्या सुरीने करायचे आणि कुटायचं दगडावर. साल काढायला सुरी लागत नाही. दांडा पाण्यात बुडवून काथ्याने खसखसून घासला की पापुद्रा निघून येतो.

२ मार्च

दगडावर लाकडी मोगरीने ठेचून ५ किलोचा घाणा. साका स्वच्छ आला, ९५ ग्रॅम. पण दोन बायांची अख्खी सकाळ त्यात गेली आणि काकींचे खांदे दुसऱ्या दिवशी वर उचलेनात. गुळवेलीचा दांडा ओला असला तरी धागे चिवट असतात.

मिक्सरमध्ये घालून पाहिलं. धागे पात्यांना गुंडाळले, खालचा कपलर तुटला. २२० रुपये. बाजारातल्या रसवंतीवाल्याला विचारलं, त्याच्या चरकातून दांडे काढून घ्यावेत असा विचार होता. तो तयारही झाला, पण चरकाचे रूळ लोखंडाचे, फटींत ग्रीस आणि उसाची आंबलेली मळी. नमस्कार करून परत आले.

९ मार्च

उत्तर इडलीवाल्याकडे सापडलं. हॉटेलात पीठ वाटायला असतो तो ग्रॅनाइटच्या दगडांचा टिल्टिंग ग्राइंडर, जुना, ९,००० रुपयांना. दगड कापत नाही, चिरडतो, त्यामुळे धागे लांबच राहतात आणि सत्त्व मात्र सुटून येतं. सरळ तुकडे टाकले तर दगड उचलले जातात, म्हणून आधी मोगरीने प्रत्येक तुकड्यावर एक-दोन घाव घालून तो उकलायचा. एका वेळी दीड किलो, सोबत पाणी. दहा किलो दोन तासांत उरकलं, आणि साका वाळून २६० ग्रॅम. शेकडा २.६. उखळापेक्षा हा फरक बराच मोठा आहे, आणि वेल तीच, त्याच पोत्यातली. तोवर पोत्यात पडून ती किंचित सुकलीही होती.

गाळण्याचंही याच दिवशी जमलं. गुळवेलीचं पाणी बुळबुळीत असतं, मलमलीतून एकदम ओतलं तर पाच मिनिटांत कापड तुंबतं. आधी नायलॉनच्या मच्छरदाणीतून धागे वेगळे करायचे, मग चौपदरी मलमल. धाग्यांचा चोथा पुन्हा थोड्या पाण्यात कालवून पिळायचा, त्यात बरंच सत्त्व अडकलेलं असतं.

साका बसवायला रुंद परात घेतली तर पाणी ओतताना तळ ढवळतो. उंच स्टीलचा डबा घेतला आणि वरचं पाणी नळीने खेचून काढलं. नळीचं टोक तळापासून दोन बोटं वर राहील असं काडीला बांधून सोडायचं.

१७ मार्च

आता रंगाचा प्रश्न. याच्यावर थोडं सविस्तर लिहिते, कारण सगळा घोळ इथेच आहे.

दहा किलोच्या घाण्यातला ओला साका दोन समान भागांत वाटला. एका भागात पाणी घालून ढवळलं, बसू दिलं, वरचं पाणी काढलं: एकच धुणं. दुसऱ्या भागाची तीन धुणी केली. वाळल्यावर पहिला भाग १३४ ग्रॅम, फिकट मातकट रंगाचा, जिभेवर ठेवला की कडवटपणा स्पष्ट कळतो. दुसरा ११२ ग्रॅम, दुधासारखा पांढरा आणि चवीला काहीच नाही. डोळे मिटून दिला असता तर अरारूट म्हणून खाल्ला असता.

गुळवेलीची कडू द्रव्यं पाण्यात विरघळतात. दर धुण्याबरोबर ती नाल्यात जातात आणि मागे नुसता स्टार्च उरतो. सत्त्व हा मुख्यतः स्टार्चच, हे खरं आहे. पण त्याला धरून राहिलेली थोडी कडू द्रव्यं हीच त्याची गुळवेल म्हणून ओळख. पांढरेपणासाठी धूत राहायचं म्हणजे आपल्याच हाताने औषध बाहेर सांडायचं.

तालुक्यातल्या एका जुन्या वैद्यांना दोन्ही नमुने दाखवले. त्यांनी मातकट पुडीकडे पाहून "यात काहीतरी मिसळलंय का गं?" असं विचारलं आणि पांढरी पुडी ठेवून घेतली. बाजाराने सगळ्यांच्या डोळ्यांना पांढऱ्याची सवय लावली आहे. मी एका धुण्यावर थांबणार.

२८ मार्च

शिमग्यात कुणी कामाला येत नाही, यायची अपेक्षाही करू नये. पालखी गावात असताना काकी घाण्याला बसतील कशा! पण होळीच्या आदल्या दिवशी काढलेला साका परातीत जाड थराने पसरून ठेवलेला होता, तो कुणी हलवला नाही. वरून कोरडा वाटला, आत ओला लगदा, आणि आज पाहिलं तर कडेला हिरवट बुरशी. वरचं खरवडून बाकीचं वापरता येईल असं घरात एकाने सुचवलं. बुरशीची मुळं डोळ्यांना दिसतात त्याहून खोल गेलेली असतात, म्हणून सगळं फेकलं. त्यापैकी बुरशी न दिसलेला मधला थोडा भाग मुद्दाम वेगळा ठेवला आहे, प्रयोगशाळेत पाठवायला.

यापुढे: थर करंगळीच्या नखाएवढ्या जाडीचा, स्टीलच्या ताटात, आणि दर दोन तासांनी सुरीने रेघा मारून उलटायचा.

६ एप्रिल

पंधरा किलोचा घाणा गेला. संध्याकाळी भिजत घातला, रात्रभर उकाडा, सकाळी फेस आणि ताकासारखा आंबूस वास. साका खाली बसेचना, अर्ध्या पाण्यात तरंगत राहिला. फेब्रुवारीतल्या गारव्यात जे रात्रभर चाललं ते एप्रिलमध्ये चालत नाही. आता पहाटे पाचला दळायचं, सकाळी नऊपर्यंतच भिजवायचं, गाळायचं आणि उन्हं तापायच्या आत साका बसवायला ठेवायचा. ग्राइंडरमध्ये दळलेल्या वेलीला रात्रभर भिजण्याची गरजही फारशी नाही. ती अट उखळाची आहे.

१४ एप्रिल

शेजारच्या बागायतदाराकडचा सोलर ड्रायर आणला, आंबापोळीसाठी असतो तो. ताटं आत ठेवली आणि दुपारी उघडून पाहिलं तर पांढरा भुगा असायच्या जागी काचेसारखे कडक पारदर्शक पापुद्रे. आतला तापमापक सत्तरच्या वर. ओला स्टार्च त्या तापमानाला शिजतो. कपड्यांना घालायची खळ वाळली की जशी दिसते तशीच ही दिसत होती. कुटून पूड केली, पण पाण्यात टाकल्यावर फुगून गोळा होतो.

क्रम उलटा हवा होता. आधी सावलीत, वारा खेळेल अशा जागी, साका हाताने कुस्करता येईल इतका सुकवायचा. मगच ड्रायर, तोही वरची झडप उघडी ठेवून, ५० अंशांच्या खाली. असं केल्यावर पुढचा घाणा दीड दिवसात खडखडीत वाळला.

२१ एप्रिल

विकतच्या सत्त्वात काय असतं हे पाहायला मुंबईहून आणि कोल्हापूरहून दोन नमुने मागवले होते. आयोडीनचा थेंब टाकून भेसळ ओळखायची युक्ती मोबाइलवर फिरत असते. ती इथे कुचकामी आहे. खरं सत्त्वही स्टार्चच, तेही निळंच होतं.

जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या बाईंनी सूक्ष्मदर्शक वापरू दिला. गुळवेलीचे कण बारीक: भारतीय आयुर्वेदिक औषधकोशात साधारण साडेपाच ते अकरा मायक्रॉन दिले आहेत, अंडाकृती किंवा जरा वाकडेतिकडे. आमच्या सत्त्वात तसेच दिसले. एका विकतच्या नमुन्यात कण कित्येक पटींनी मोठे, शिंपल्यासारख्या वलयांचे, वलयांचा केंद्रबिंदू एका कडेला. हा बटाटा. दुसऱ्यात कोनाकोनांचे, एकमेकांना दाबून बसलेले कण, मक्याचे. त्यात गुळवेलीचे कण शोधले तर अधूनमधून दिसत होते, म्हणजे चवीपुरती गुळवेल होती म्हणायची. दोन्ही नमुने अर्थातच शुभ्र.

सूक्ष्मदर्शक शाळेतला असला तरी चालतो, चाळीसचं भिंग हवं. तुलनेला घरचा बटाटा आणि मक्याचं पीठ घेऊन आधी ते कण डोळ्यांत बसवावेत.

५ मे

पुण्यातल्या प्रयोगशाळेचे अहवाल आले. दोन नमुने, मिळून ९,६०० रुपये, आणि सांगितलेल्या मुदतीनंतर बराच काळ फोन करत राहावं लागलं. धातूंच्या मर्यादा दशलक्ष भागांत शिसं १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३, आमचे दोन्ही नमुने त्यांच्या बरेच आत. रस्त्याकडेची वेल टाळल्याचा हा फायदा असावा.

शिमग्यातला वेगळा ठेवलेला नमुना मात्र यीस्ट आणि बुरशीच्या मोजणीत नापास झाला. मर्यादा ग्रॅममागे १,००० ची आहे. वरून तो अगदी स्वच्छ दिसत होता. दुसरा, एप्रिलचा नमुना पास झाला, पण एकूण जिवाणूंची संख्या माझ्या मते जास्तच. संशय विहिरीच्या पाण्यावर. आता शेवटचं धुणं उकळून गार केलेल्या पाण्याने, आणि कालवणाऱ्याने कोपरापर्यंत हात धुऊनच बसायचं. काकींना याचा राग आला, दोन दिवस बोलल्या नाहीत.

१२ मे

हिशेब. २५ किलो वेल, २० रुपये किलोने ५०० रुपये. दोन माणसं दीड दिवस, ४५० रुपये रोजाने १,३५०. वीज आणि सरपण मिळून १००. एकूण १,९५०, सत्त्व ६५० ग्रॅम. म्हणजे किलोला ३,००० रुपये, आणि यात ग्राइंडर, तपासण्या, फेकलेले घाणे, माझा वेळ यातलं काहीच धरलेलं नाही.

बाजारातल्या एका व्यापाऱ्याने मला ६५० रुपये किलोचा भाव सांगितला होता. त्या भावात नुसती वेलसुद्धा पुरी पडत नाही: किलोभर सत्त्वाला ३८ किलोच्या आसपास दांडे लागतात.

१९ मे

सत्त्व बसल्यावर नळीने काढलेलं पाणी आतापर्यंत झाडांना जात होतं. कडू जहर पाणी. सगळा रस तर त्यातच. ते आटवून घन, म्हणजे घट्ट अर्क, करून पाहिला. ८० लिटर पाणी मोठ्या टोपात चुलीवर. सुरुवातीला काही त्रास नाही, मोठ्या आचेवर आटत जातं. मधासारखं दाट व्हायला लागलं की तळाला धरतं, आणि एकदा करपला की तो वास शेवटपर्यंत जात नाही. पहिला घन असा गेला. पुढच्या वेळी चमच्याला चिकटायला लागल्याबरोबर चुलीवरून काढून टोप उकळत्या पाण्याच्या घंगाळात ठेवला. वेळ तिप्पट लागला, पण करपला नाही. पाऊण किलो घन निघाला.

हा सत्त्वाच्या पाण्याचा घन आहे. अख्ख्या वेलीचा काढा आटवून करतात तो वेगळा, म्हणून बरणीवर तसंच लिहून ठेवलं आहे. गोळ्या वळताना बंधनाला थोडं सत्त्वच घातलं.

९ जून

पाऊस लागला. घनाच्या गोळ्या आठवडाभरात एकमेकांना चिकटून त्यांचा लाडू झाला. सत्त्व मात्र काचेच्या बरणीत, झाकणाखाली मेण लावून ठेवलेलं, कोरडं आहे. गोळ्या यापुढे दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेतच वळायच्या. तोवर घन तसाच बरणीत.

वेलींना पानं फुटली आहेत, म्हणून मामांबरोबर फिरून पानाखालची लव तपासली आणि खात्रीच्या वेलींच्या बुंध्याला हिरव्या ऑइल पेंटचा पट्टा मारला. फेब्रुवारीत बाजूला काढलेल्या दांड्यांपैकी दोघांच्या वेली सापडल्या: एक गुळवेलच होती, दुसरीच्या पानाला लव. कुंपणाच्या पांगाऱ्यांखाली दोन डोळ्यांच्या वीतभर काड्या तिरक्या रोवल्या. अंगठ्याएवढ्या जाड व्हायला त्यांना काही वर्षं जातील.

१६ जून

चिपळूणच्या बाजूच्या एका वैद्यांचा फोन. दोन किलो सत्त्व विकत हवं. देता येत नाही. औषध आणि सौंदर्यप्रसाधन कायद्यात वैद्याने स्वतःच्या रुग्णांसाठी औषध तयार करायला सूट आहे, दुसऱ्याला विकायला नाही. विकायचं तर पंचवीस-डीचा, म्हणजे आयुर्वेदिक औषधं विक्रीसाठी बनवण्याचा परवाना आणि शेड्यूल टी या उत्पादनाच्या नियमांप्रमाणे जागा, नोंदी, तज्ज्ञ माणूस, सगळं हवं. माझ्या पडवीत ते मावत नाही.

त्यांना म्हटलं, तुमच्या रुग्णांसाठी तुम्ही काढा, ग्राइंडर घेऊन जा. भाडं नको. दगड धुऊन, वाळवून परत द्यावेत, आणि त्यात मधल्या काळात इडलीचं पीठ वाटू नये. त्यांनी विचारलं, पांढरं कसं करायचं. सतरा मार्चची नोंद पाठवून दिली.